एक्सपल्स प्रो, रायडरचं वजन ५४ किलो: सस्पेन्शन नक्की लावायचं कसं?

सड्यावरची (सातारा)

नमस्कार मंडळी. दिवाळीत हिरोची कच्च्या रस्त्यावर चालणारी मोटरसायकल, एक्सपल्स २०० ४व्ही प्रो, सेकंडहँड घेतली. आधीचा मालक चांगला धिप्पाड, नव्वदीच्या पुढचा. सस्पेन्शनला त्याने काय काय केलंय ते आता त्यालाही आठवत नाही. माझं वजन ५४. बूट, हेल्मेट, जॅकेट, पाठीवरची पाण्याची पिशवी सगळं धरून ६२ भरतं. उंची पाच फूट तीन इंच.

मी बहुतेक वेळा ठोसेघरवरून चाळकेवाडीकडे जाते. पवनचक्क्यांसाठी केलेले कच्चे रस्ते आहेत ते. जांभ्याचे सुटे दगड, मध्ये मध्ये पावसाने खणलेल्या नाळी. (कासच्या बाजूला पठारावर गाडी घालत नाही, कुणी शिकवायला येऊ नये म्हणून आधीच सांगितलं.) तिथे त्रास असा होतो: मुठीएवढा दगड आला की पुढचं चाक त्यावरून जायच्या ऐवजी बाजूला फेकलं जातं. अर्ध्या तासात मनगटं भरून येतात. आणि ट्रकनी रस्त्याला पन्हाळी पत्र्यासारखे आडवे वळ पाडलेत, त्यावर मागची बाजू पहिल्या दोन-तीन वळांना बरी असते, मग एकदम दगड होते आणि लाथ मारायला लागते.

शिवाय सीट ८९१ मिलिमीटर. पायांची फक्त बोटं टेकतात.

इथल्या एका गॅरेजवाल्याने उपाय सांगितला, "मॅडम, स्प्रिंगचे दोन वेढे कापू. गाडी खाली पण येईल आणि मऊ पण होईल." ग्राइंडर हातात घेऊनच बोलत होता. मी गाडी तशीच घरी आणली.

सस्पेन्शनच्या स्क्रूंना अजून हात लावलेला नाही. यूट्यूबवर कुणी म्हणतं आठ क्लिक (म्हणजे स्क्रू फिरवताना लागणाऱ्या खाचा), कुणी म्हणतं बारा. कुणाचे आठ? कुठून मोजायचे? माझ्याकडे साधे पाने, मोजायची टेप आणि एक धाकटा भाऊ एवढं साहित्य आहे.

चिखल_रविवार (नाशिक)

५४ किलोला कॉम्प्रेशन (सस्पेन्शन दबतानाचा अडथळा) लागतंयच किती! पुढचं-मागचं दोन्ही पूर्ण उघडा, टायरची हवा कमी करा आणि निघा. प्रोचं सस्पेन्शन पूर्ण ॲडजस्टेबल आहे ते ह्यासाठीच. स्प्रिंग मात्र कापू नका.

पाना_बारा (कोल्हापूर)

ताई, ग्राइंडरपासून गाडी वाचवलीत, निम्मं काम तिथंच झालं. स्प्रिंग कापली की मऊ होत नाही, कडक होते. तीच तार, पण काम करणारे वेढे कमी, म्हणजे उरलेल्या प्रत्येक वेढ्याला जास्त पिळावं लागतं. गाडी खाली येते आणि वर आणखी टणक होते. हे गणित पन्नास वर्षांच्या मिस्त्रीलाही पटवून देता येत नाही, मी सोडून दिलंय.

नाशिककरांचं हवेचं बरोबर आहे, बाकीचं नाही. कॉम्प्रेशन उघडलं की तुमचा दुसरा त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढायची शक्यता जास्त. का, ते खाली सांगतो.

माझा धंदा शॉकअप आणि फोर्क (पुढच्या चाकाचे दोन स्प्रिंगवाले पाय) उघडायचा आहे. २०११ साली हिरोची इम्पल्स आली तेव्हापासून आमच्याकडं पोरं स्प्रिंगा घेऊन येतात आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच, किती क्लिक? क्लिक सगळ्यात शेवटी. आधी टेप.

तर आधी टेप लावायच्या लायकीची गाडी आहे का ते बघा. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मध्यावर खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोन सेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेलाय, कुठलाही क्लिक त्याला बरं करणार नाही. मागचं चाक धरून चिमटा (मागचं चाक ज्यात बसतं तो हलणारा सांगाडा) आडवा हलवा, खुळखुळ नको. फोर्कच्या ऑइल सीलखाली तेलाची ओली कडा दिसते का बघा. धूळ बसून सील गळत असेल तर पातळ प्लास्टिकची पट्टी हुकासारखी कापून सीलच्या ओठाखालून गोल फिरवा. बऱ्याच वेळा एवढ्यावर थांबतं.

एक गोष्ट नव्वद टक्के गॅरेजात चुकते. पंक्चर काढल्यावर पुढचा एक्सल घट्ट करतात, पिंच बोल्टही (फोर्कच्या पायात एक्सल आवळून धरणारे) लगेच आवळतात. फोर्कचे दोन पाय त्यामुळं एकमेकांशी किंचित वाकडे राहतात आणि पाइप आत घासत जातो. तुमच्या मनगटांना जे जाणवतंय त्यातला काही भाग हा असू शकतो. पिंच बोल्ट सैल करा, गाडी स्टँडवरून खाली घ्या, पुढचा ब्रेक दाबून फोर्क पाच-सहा वेळा खोल दाबा, पाय आपापली जागा घेतात. मग पिंच बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळा. फुकटातलं काम आहे.

आता टेप. भावाला बोलवा, अजून एक माणूस मिळाला तर उत्तम. टाकी निम्म्याच्या वर भरलेली हवी. मागच्या एक्सलच्या मध्यापासून सरळ वर, मडगार्डवर किंवा पॅनेलवर एक खूण करा. चिकटपट्टीचा तुकडा लावा म्हणजे दर वेळी तीच जागा येते.

पहिलं माप चाक हवेत असताना घ्या, सस्पेन्शन पूर्ण लांब. दुसरं गाडी चाकांवर सरळ उभी, वर कुणी नाही. तिसरं तुम्ही पूर्ण तयारीनिशी, बूट-पिशवीसकट, पेगवर पाय ठेवून जशा चालवता तशा बसून. भावाने हँडल धरायचं, दुसऱ्याने मापायचं. सॅग म्हणजे वजनाने गाडी किती बसते ते: पहिल्यातून दुसरं वजा केलं की रिकामा सॅग, पहिल्यातून तिसरं वजा केलं की रायडरसकट सॅग. पुढं हेच, पण फोर्क घर्षणामुळं दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबतो. म्हणून एकदा दाबून हळू सोडून मापा, एकदा उचलून हळू सोडून मापा, आणि मधला आकडा धरा.

तुमच्या गाडीला पुढं २५० आणि मागं २२० मिलिमीटर ट्रॅव्हल (चाकाला वर-खाली जायची एकूण जागा) आहे. कच्च्या रस्त्यासाठी रायडरसकट सॅग मागं त्याच्या तीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ६५ ते ७०. पुढं पाव भागाच्या जवळ, ६० ला थोडं कमी-जास्त. रिकामा सॅग मागं २० ते २५ असला की मी खूश.

हे दोन आकडे वेगवेगळे घ्यायचं कारण आहे. प्रीलोडने (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवण्याने) स्प्रिंग कडक होत नाही हो. ती जेवढी आहे तेवढीच राहते, फक्त गाडी कुठल्या उंचीला उभी राहणार ते बदलतं. स्प्रिंग तुमच्या वजनाची आहे की नाही ते प्रीलोड सांगत नाही, रिकामा सॅग सांगतो. रायडरसकट आकडा बरोबर आणला आणि रिकामा सॅग नाहीसाच झाला, तर स्प्रिंग मऊ आहे आणि आपण तिला पिळून पिळून उभी केलीय. उलट रायडरसकट बरोबर, पण रिकामी गाडी स्वतःच्याच वजनाने लई बसते, तर स्प्रिंग कडक. लोकांना हे उलटं वाटतं. कागदावर दोन रेघा मारून बघा, पटेल.

आता त्या वळांचं. मागची बाजू दोन-तीन धक्क्यांनंतर दगड होते म्हणालात, पहिल्यापासून नाही. हे फार कामाचं निरीक्षण आहे. याला आम्ही पॅकिंग म्हणतो. रिबाउंड (दबलेला शॉकअप परत वर येतानाचा अडथळा) जास्त बंद असला की शॉकअप एका धक्क्यात दबतो आणि पुढचा धक्का यायच्या आत पूर्ण वर येत नाही. दुसऱ्याला आणखी खाली, तिसऱ्याला आणखी. शेवटी ट्रॅव्हलच उरत नाही आणि तुम्हाला वाटतं कडक झाला. अशा वेळी कॉम्प्रेशन उघडलं तर तो आणखी लवकर खाली जातो. म्हणून म्हणालो, नाशिकचा उपाय नको. नव्वद किलोच्या माणसाने प्रीलोड आवळून ठेवला असणार, आणि ती ताठ स्प्रिंग सटकन वर येऊ नये म्हणून रिबाउंडही आवळला असणार. तुम्हाला दोन्ही नकोत.

सध्या फक्त मापं टाका इथं. आणि आत्ता स्क्रू कुठं आहेत तेही लिहा: घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद करा, किती क्लिक झाले मोजा, परत तेवढेच उघडा. जोर लावू नका, आत सुई असते, तिचं टोक बसतं. "आठ क्लिक" म्हणजे पूर्ण बंदपासून आठ उघडे, असंच सगळीकडं धरतात.

टायर पुढं-मागं १८ ते २० पीएसआयवर आणा. त्याखाली नको, ट्यूब आहे, दगडावर रिम आपटून सर्पदंशासारखी दोन भोकं पडतात. घरी येताना डांबरी लागायच्या आधी परत भरायची.

बुटका_बाण (दापोली)

माझी उंची तुमच्याइतकीच, गाडी तीच. दोन्ही पाय टेकवायचा नाद सोडा. थांबताना सीटवरून एका बाजूला सरका, डावा पाय पूर्ण टेकतो आणि उजवा ब्रेकवर राहतो. थांबायच्या आधी जमीन बघा, उंचवट्याच्या बाजूला पाय टाका. सीटचा फोम कमी करून घेतला होता, पण लांबच्या प्रवासाला बुडाची वाट लागली, परत मूळ सीट लावली.

सड्यावरची (सातारा)

बाणदादा, हे माहीत होतं पण धीर होत नव्हता. करून बघते.

पाना काका, मापं झाली. भाऊ आणि शेजारचे आजोबा दोघे मदतीला. आजोबांनी माझ्याकडून प्रत्येक माप दोनदा घेऊन घेतलं, ते तलाठी होते.

मागे: रिकामा सॅग ८, माझ्यासकट ४०.
पुढे: रिकामा २४, माझ्यासकट ४१.
मागचा रिबाउंड पूर्ण बंदपासून फक्त चार क्लिक उघडा होता! कॉम्प्रेशन दहा. पुढे रिबाउंड सहा, कॉम्प्रेशन दहा.

पिंच बोल्ट सैल करून फोर्क दाबला तेव्हा "टक्" असा बारीक आवाज आला आणि एक्सल अगदी थोडा सरकलेला दिसला. तेवढ्यानेच फोर्क आधीपेक्षा अलगद दबायला लागला.

मग तुम्ही सांगायच्या आधीच मागचा प्रीलोड सैल करत नेला, कारण ४० म्हणजे कमीच. हुक स्पॅनर शेजारच्या गॅरेजातून आणला (ग्राइंडरवालं नव्हे). आता मागे माझ्यासकट ६७ येतोय, रिकामा ३५. पुढे प्रीलोड जवळजवळ पूर्ण काढल्यावर रिकामा ३६, माझ्यासकट ५३. तुमच्या हिशेबाने म्हणजे मागची स्प्रिंग माझ्यासाठी कडक, बरोबर ना? सीट थोडी खाली आली, पायांचे चवडे टेकायला लागलेत, त्यामुळे मी तशी खूश आहे.

पाना_बारा (कोल्हापूर)

तलाठी आजोबांना नमस्कार सांगा. आमच्या दुकानात असा एक माणूस हवाय.

हो, कडक आहे. तुमचे आकडे बघा: प्रीलोड कसाही असो, तुम्ही बसल्यावर मागची बाजू ३२ मिलिमीटरच खाली जाते. ४० मधून ८ गेले ३२, ६७ मधून ३५ गेले ३२. म्हणजे मापं प्रामाणिक आहेत आणि स्प्रिंग सरळ आहे. तुमच्या वजनाच्या स्प्रिंगवर हा फरक ४० च्या वर हवा. कंपनी सगळ्यांच्या मधलं वजन धरून स्प्रिंग बसवते आणि त्या मधल्या माणसात तुम्ही बसत नाही.

पण आज नवी स्प्रिंग घेऊ नका. ६७/३५ वर रिकामी गाडी लई बसते, तुम्ही उभ्या राहून उतार उतरताना मागची बाजू हलकी झाली की वर यायला जागा असते खरी, पण चढावर मागं बसून पुढचं चाक हलकं पडेल आणि भरकटेल. आधीच तुमचं पुढचं चाक बाजूला जातंय. प्रीलोड थोडा परत आवळा, मागं ६१-६२ आणि रिकामा ३० ला आणून ठेवा. प्रीलोडच्या कॉलरचा (स्प्रिंग दाबणाऱ्या कड्याचा) एक पूर्ण फेरा म्हणजे सॅगमध्ये साधारण तीन-चार मिलिमीटर धरा, पण टेप लावूनच. चवडे थोडे कमी टेकतील, दापोलीकरांचं ऐका. पुढं ५३ ठीक आहे, राहू द्या.

आता स्क्रू. मागचा रिबाउंड चारवरून आठवर न्या. सीट जोरात दाबून सोडा: एका दमात वर येऊन थांबायला हवी. वर येऊन पुन्हा खाली डोकावली तर जास्त उघडला, सावकाश तरंगत वर आली तर अजून बंद आहे. मग त्याच वळांवर त्याच वेगाने जा. फक्त एवढंच बदलून. लाथ कमी झाली पण संपली नाही तर आणखी दोन उघडा. कॉम्प्रेशनला तोवर हात नाही.

पुढं रिबाउंड सहावरून आठ. आणि इथं कॉम्प्रेशन मी दोन क्लिक उघडतो, तिथं नाशिककरांशी माझं भांडण नाही. मात्र त्या स्क्रूकडून फार अपेक्षा ठेवू नका. कॉम्प्रेशनमध्ये स्लो आणि फास्ट म्हणतात ते गाडीचा वेग नव्हे, पाइप आत किती झपाट्याने जातो तो वेग. तुम्ही वीसच्या स्पीडने दगडाच्या धारेवर चढलात तरी फोर्कसाठी तो फास्ट धक्का असतो आणि वरचा स्क्रू त्याला फारसा पोचत नाही. ब्रेक मारल्यावर नाक खाली जातं, नाळीत शिरताना गाडी बसते, ती कामं स्क्रूची. धारदार दगडासाठी टायरची हवा, सरळ बसलेला एक्सल आणि ताजं तेल ही तीनच औषधं. त्याच्या पुढं आतल्या शिमच्या (तेलाची वाट अडवणाऱ्या पातळ) चकत्या बदलाव्या लागतात, ते पुढच्या वर्षी बघू.

तेल कधी बदललंय? सेकंडहँड आहे म्हणजे कुणीच नाही असं धरा. नव्या फोर्कमधून पहिलं तेल काढलं की राखाडी निघतं, धातूची भुकटी असते त्यात. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच घाला. आणि मिलिलिटरवर नव्हे, पातळीवर भरा: स्प्रिंग बाहेर, पाइप पूर्ण आत दाबलेला, वरच्या काठापासून तेलापर्यंतचं अंतर. कारण वरची हवा हीसुद्धा एक स्प्रिंगच. तेल पाच मिलिमीटर वर चढवलं तर सुरुवातीला काही कळत नाही, शेवटच्या टप्प्यात मात्र फोर्क ताठ होतो. तुम्ही हलक्या, तुम्हाला पातळी उलट थोडी खालीच चालेल.

अजून एक, फोर्कच्या पाइपवर प्लास्टिकची झिप टाय घट्ट बांधून खाली सरकवून ठेवा (रबरी बूट असतील तर क्लिप सोडून वर करा). राइडवरून आल्यावर ती कुठवर ढकलली गेली ते बघा. पूर्ण ट्रॅव्हल कधीमधी, एखाद्या मोठ्या आदळीला वापरला जायला हवा. ७०-८० मिलिमीटर कायमच उरत असेल तर तुम्ही पैसे दिलेला ट्रॅव्हल तसाच पडून आहे.

मागचा शॉकअप घरी उघडायचा नाही. असल्या शॉकअपमध्ये बहुधा नायट्रोजन दाबाने भरलेला असतो.

चिखल_रविवार (नाशिक)

कॉम्प्रेशनबाबत मान्य. माझं वजन ८१ आहे, त्यामुळे हे रिकाम्या सॅगचं प्रकरण माझ्यापर्यंत कधी आलंच नाही, स्प्रिंग बरोबर बसते मला. एक भर टाकतो: ताई, फोर्कच्या टोपीला हवा काढायचा छोटा स्क्रू असेल तर राइडच्या आधी पुढचं चाक उचलून तो क्षणभर सोडा. खालच्या गावातून पठारावर गेलात, ऊन तापलं, की आतली हवा फुगलेली असते. लेहला गेलेल्या गाड्यांत तर सुस्कारा ऐकू येतो.

सड्यावरची (सातारा)

आज जाऊन आले. रिबाउंड आठवर वळ बरेच गुळगुळीत, दहावर न्यायचा मोह होता, नेला, आणि उतारावर मागची बाजू टुणकन उडाली. नऊवर ठेवलाय. पुढचं चाक अजून दगडावर डगमगतं, पण फेकलं जात नाही. हवा १९ होती. झिप टाय ६५ उरवून थांबली.

पाना काका, एक शंका: प्रीलोड बदलल्यापासून साइड स्टँडवर चेन आधीपेक्षा वेगळी वाटते. आवळू का?

पाना_बारा (कोल्हापूर)

नऊ छान. टुणकन उडाली ते तुम्ही ओळखलंत, आता मला विचारायची फार गरज उरली नाही.

चेन स्टँडवर बघून आवळू नका. चिमट्याचा कोन बदललाय म्हणून ढिलाई वेगळी दिसते. एवढा लांब ट्रॅव्हल असलेल्या गाडीत पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा पिव्होट आणि मागचा एक्सल हे तिन्ही एका रेषेत आले की चेन सगळ्यात ताणलेली असते. भाऊ आणि आजोबा दोघांना सीटवर बसवा, पट्ट्याने ओढून गाडी त्या रेषेपर्यंत दाबा आणि तिथं बोटाने चेन वर-खाली करा. तिथं साधारण एक सेंटिमीटर खेळ हवा. तिथं ताठ असेल तर स्टँडवर कितीही लोंबकळली तरी सैलच करायची, नाहीतर एखाद्या आदळीत गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग जातं. मॅन्युअलमध्ये स्टँडवरचा आकडा दिलेला असतो, त्याच्याशी एकदा पडताळून ठेवा.

स्प्रिंगचं पावसाळ्यानंतर बघू. येताना मापांचा कागद आणा, आजोबांच्या अक्षरातला असला तर बरं.